मराठी विकिपीडिया : नवागत संपादकांचे स्वागत व मार्गदर्शन

प्रस्तावना :
मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. हा मुक्त ज्ञानकोश विनामोबदला लिहिणाऱ्या स्वयंसेवी संपादकांवर उभा आहे. त्यामुळे नवा संपादक टिकणे महत्त्वाचे ठरते.

विवेचन :
नवीन सदस्याच्या चर्चापानावर स्वागतसंदेश दिला जातो. सरावासाठी ‘धूळपाटी’ व शंकानिरसनासाठी ‘चावडी’ उपलब्ध असते. तथापि खरी कसोटी पहिल्या लेखनानंतर लागते. समजा, जवळा बाजार येथील विद्यार्थ्याने औंढा नागनाथ मंदिराविषयीच्या लेखात वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती लिहिली. ज्ञानकोशास प्रकाशित संदर्भ आवश्यक असल्याने ती वगळणे नियमास धरूनच आहे. परंतु कारण न सांगता वगळल्यास विद्यार्थी दुखावतो व बहुधा परत येत नाही. अनुभवी संपादकाने त्याच्या चर्चापानावर कारण लिहावे, संदर्भ कोठे शोधावा हे सुचवावे व तो जोडून दाखवावा. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला; म्हणून जुनी माहिती परभणी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पाहावी, एवढी सूचनाही त्यास पुरेशी ठरू शकते.

समारोप :
असा विद्यार्थी टिकला, तरच आपल्या परिसराची साधार नोंद मराठीत होईल. हे मार्गदर्शन महाविद्यालयांनीही स्वीकारावे.