टेक-ऑफ नव्हे, टेक्स्ट-ऑफ!

पायलटला गप्प करायचंय? त्याचे हात धरून ठेवा! विमानवेड्यांच्या जगातला हा जुना विनोद आहे आणि त्यात भरपूर तथ्य आहे. लँडिंगचा किस्सा सांगताना पायलटचा उजवा तळवा विमान होतो, डावा रनवे होतो. मनगट वळलं की विमान वळलं, बोटं उचलली की नाक वर!

आता याच मंडळींना एका काळ्या स्क्रीनसमोर बसवा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, आवाज नाही, इमोजी नाही. फक्त अक्षरं. हात कीबोर्डवर अडकलेले. काय होईल? धमाल होईल! आणि खरोखरच झाली. बांधा सीट बेल्ट!

माहीत आहे का, वर्ल्ड वाइड वेबचा पत्ताही नव्हता तेव्हा ऑनलाइन गप्पांचे अड्डे जोरात होते? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये एक आयडिया सुचली. रात्री एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला फोन लावायचा आणि दिवसभराचे मेसेज एकमेकांना देऊन टाकायचे. १९८० मध्ये हे जाळं सुरू झालं. नाव यूझनेट. विमानवाल्यांनी तिथे लगेच आपला कट्टा थाटला: नेट.एव्हिएशन.

१९८७ च्या सुमारास यूझनेटवर सगळ्या कट्ट्यांचं बारसं पुन्हा झालं. विमानवाल्यांच्या वाट्याला आलं ‘रेक.एव्हिएशन’. रेक म्हणजे रिक्रिएशन, करमणूक. पण मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजीत ‘रेक’ म्हणजे चक्काचूरसुद्धा! उडणाऱ्यांच्या अड्ड्याला याहून धडकी भरवणारं नाव शोधूनही सापडलं नसतं.

पुढे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. शिकाऊंची खोली वेगळी, घरी विमान बांधणाऱ्यांची वेगळी, ग्लायडरवाल्यांची वेगळी, लष्करी विमानवाल्यांची वेगळी. ढगात शिरून फक्त उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्यांना स्वतंत्र दालन. आणि नुसत्या गोष्टी सांगायला? त्यालाही एक खोली: रेक.एव्हिएशन.स्टोरीज!

बरं, विमानाचा फोटो दाखवायचाच असेल तर? जुगाड होता! नाव ‘यूयूएन्कोड’, १९८० मध्ये बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. फोटोच्या दर तीन बाइट्सची तो चार साधी अक्षरं करायचा. म्हणजे कॉन्कॉर्डचा देखणा फोटो स्क्रीनवर कसा दिसणार? वर ‘बिगिन ६४४’, खाली ‘एंड’ आणि मध्ये शेकडो ओळींचा अगम्य पाला. माहीत आहे का, त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ ‘एम’ या अक्षराने सुरू व्हायची? कारण पूर्ण भरलेल्या ओळीत ४५ बाइट्स बसत आणि या कोडमध्ये ४५ लिहायचे तर ‘एम’ हेच अक्षर यायचं. उभा एम, एमखाली एम, त्याखाली आणखी एम. एमच एम चोहीकडे!

फाइल तिप्पट-चौपट नव्हे, पण तिसऱ्या हिश्श्याने तरी फुगायची. मग तिचे तुकडे करून पाठवायचे: १/७, २/७, ३/७… पाचवा तुकडा वाटेत गळाला की सगळं मुसळ केरात. गप्पांच्या कट्ट्यावर असा पाला टाकणाऱ्याला लोक फाडून खायचे. फोटोंसाठी वेगळा कोपरा होता, तिकडे जा!

मग विमानवेड्यांनी अक्षरांचंच विमान केलं. हे बघा:

——(०)——

मध्ये धड, दोन्ही बाजूंना पंख. समोरून येणारं विमान तयार! मेसेजच्या खाली सही म्हणून असली नक्षी काढायची हौस अनेकांना होती. पण जपून. सही चार ओळींपेक्षा लांब नको, असा दंडक. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराची जी प्रसिद्ध नियमावली लिहिली, तिच्यात हा नियम आहे. ओळीत ६५ पेक्षा कमी अक्षरं, हाही तिथलाच.

त्याच नियमावलीत एक ओळ होती जी वाचून पायलट मंडळी चमकली असणार. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं! अहो, पण विमानतळाचा हवामान रिपोर्ट कॅपिटलमध्ये. रनवे बंद असल्याची सूचना कॅपिटलमध्ये. विमानवाल्यांचं सगळं जगच कॅपिटलमध्ये!

का? टेलिप्रिंटरमुळे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात पाच बिटांचा कोड काढला. पाच बिटांत ३२ जोड्या होतात. त्यात एबीसीडी आणि आकडे बसवता बसवता जागा संपली, लहान अक्षरं बाहेरच राहिली. टेलिप्रिंटर गेला, सवय राहिली. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसने आपल्या हवामान अंदाजांचं ‘ओरडणं’ कधी थांबवायला घेतलं माहीत आहे का? ११ मे २०१६ ला! विमानतळांचे रिपोर्ट मात्र अजून तार स्वरातच आहेत.

हे रिपोर्ट म्हणजे मेटार. एकदा चव लागली की सुटत नाही. मुंबई विमानतळाचा मेटार साधारण असा वाचायचा: व्हीएबीबी २७०१२केटी ३००० एचझेड ३१/२४ क्यू१००८. मंत्र नाही हो, सोपं आहे! व्हीएबीबी म्हणजे मुंबई. वारा २७० अंशांवरून, म्हणजे थेट पश्चिमेकडून, १२ नॉट वेगाने. ३००० मीटरपर्यंत दिसतंय, हवा धुरकट आहे. तापमान ३१, दवबिंदू २४, हवेचा दाब १००८. दोन वाक्यांची हवा एका ओळीत कोंबली!

आणि त्यातलं विरळ धुकं ‘बीआर’ का? फ्रेंच ‘ब्रूम’मुळे. धूर ‘एफयू’, कारण फ्रेंच ‘फ्युमे’. गारा ‘जीआर’, कारण ‘ग्रेल’. इंग्रजी पायलट ‘बीआर’ लक्षात ठेवायला ‘बेबी रेन’ म्हणतात. बाळ पाऊस! किती गोड.

आता कळलं ना गंमत? बाकीच्या छंदवाल्यांना अक्षरांच्या दुनियेत रुळायला वेळ लागला. फोटोग्राफर बिचारे तर कासावीस. विमानवाले मात्र चार दिवसांत घरचे झाले. लघुरूपं, कोड, काटकसर, एक अक्षर चुकलं तर अर्थाचा अनर्थ, हे सगळं त्यांच्या अंगवळणी होतंच. माझं तर ठाम मत आहे की या गप्पांसाठी सगळ्यात तयारीचा गडी पायलटच होता.

अडचण एकच. चेष्टा! चेहरा दिसत नाही, मग समोरचा थट्टा करतोय की भांडतोय? यावरचा उतारा कुठून आला माहीत आहे का? पडणाऱ्या लिफ्टमधून! कार्नेगी मेलन विद्यापीठात चर्चा चालली होती की लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. कुणीतरी थट्टेत लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरं वाटलं. त्यावर १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोद असेल तर पुढे हे लावा :-) झालं, स्मायलीचा जन्म! निमित्त काय, तर फ्री फॉल. विमानवाल्यांना आपलाच वाटावा असा विषय.

‘एफएक्यू’ हा शब्दही आपल्याच गल्लीतला बरं का. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरांची यादी लावायची ही चाल अंतराळप्रेमींच्या मेलिंग लिस्टवर ऐंशीच्या दशकात रुळली आणि ते लघुरूप रूढ करण्याचं श्रेय नासाच्या युजीन मिया यांना दिलं जातं.

यादी हवीच होती. कारण दर सप्टेंबरला अमेरिकेत कॉलेजं सुरू व्हायची आणि नवख्यांची झुंड कट्ट्यावर थडकायची. विमान उडतं कसं? वाऱ्याच्या दिशेने वळलं तर वेग घटतो का? जुन्यांनी महिनाभर दात-ओठ खात समजवायचं की गाडी रुळावर. मग घरोघरी इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी दारं उघडली आणि लोंढा थांबेचना. म्हणून जुने लोक म्हणतात, १९९३ चा सप्टेंबर अजून संपलेला नाही!

वादांचा राजा कोण? ट्रेडमिलवरचं विमान! चाकं जितक्या जोरात पुढे, पट्टा तितक्याच जोरात मागे. उडेल का? या एका प्रश्नावर लोकांनी हजारो मेसेज लिहिले, मैत्र्या पणाला लावल्या. शेवटी ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाने २००८ मध्ये खरं विमान आणि लांबलचक ताडपत्री घेऊन करूनच दाखवलं. उडालं! कारण विमानाला ढकलतो पंखा, चाकं नुसती फिरतात.

हसायचा मसाला? मेकॅनिकच्या वहीचे किस्से! पायलट उतरल्यावर तक्रार लिहितो, मेकॅनिक खाली उत्तर. अक्षरांच्या कट्ट्यांवर ही यादी वर्षानुवर्षं फिरली. तक्रार: कॉकपिटमध्ये काहीतरी ढिलं आहे. उत्तर: कॉकपिटमध्ये काहीतरी आवळलं. तक्रार: टायर जवळजवळ बदलायला आलाय. उत्तर: टायर जवळजवळ बदलला. तक्रार: काचेवर मेलेले किडे. उत्तर: जिवंत किडे मागवले आहेत! दर वेळी कंपनीचं नाव बदलतं, किडे तेच.

आणि एसआर-७१ ब्लॅकबर्डचा तो किस्सा. अमेरिकेच्या आकाशात एक छोटं सेस्ना कंट्रोलरला आपला वेग विचारतं, मग दुसरं विमान विचारतं, मग एक लढाऊ विमान ऐटीत ६२० नॉट ऐकून घेतं. आणि मग वरून कुठून तरी ब्लॅकबर्डचा शांत आवाज. उत्तर: १८४२ नॉट! पायलट ब्रायन शूल यांनी पुस्तकात सांगितलेली ही आठवण निव्वळ कॉपी-पेस्टवर जगभर पोचली. एकही फोटो न लावता!

पण थांबा. अक्षरं लिहून जेलमध्ये जाता येतं, माहीत आहे का? नोव्हेंबर २००१, ग्रीसमधलं कालामाता. १२ ब्रिटिश आणि २ डच विमान-स्पॉटर्स हवाई दलाच्या शोला गेले. हातात वह्या, वह्यांत विमानांचे नंबर. पोलिसांनी उचललं. आरोप: हेरगिरी! विमानांचे नंबर टिपणं हा कुणाचा छंद असू शकतो, हेच तिथे कुणाला पटेना. २००२ च्या एप्रिलमध्ये चक्क शिक्षाही झाल्या. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. वर्षभर जिवाला घोर, कशापायी? चार आकडे आणि अक्षरांपायी. मला तर या माणसांबद्दल भारी जिव्हाळा वाटतो.

आता आपली मुंबई. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं. त्यातलं स्वस्त ‘शेल अकाउंट’ कसं होतं आठवतंय? मॉडेमची ती कर्कश किर्र-कीं-घर्र आणि मग काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रं नाहीतच! परदेशातल्या मराठी मंडळींचाही यूझनेटवर स्वतःचा कट्टा होता, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी. देवनागरी टायपायची सोय नाही, मग मराठी रोमन अक्षरांत. ‘आ’साठी दोनदा ए!

विमान घरी बांधणारा मराठी माणूस हवा? हजर! कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवर! आपण जिथे पापड वाळवतो तिथे. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’मध्ये झळकलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली: व्हीटी-एनएमडी. रेडिओवर म्हणायचं तर व्हिक्टर टँगो नोव्हेंबर माइक डेल्टा.

आकाशातल्या रस्त्यांनाही पाच-पाच अक्षरांची नावं असतात. अमेरिकेत पोर्ट्समथजवळच्या पीज विमानतळावर उतरताना ओळीने येणारे थांबे: आयटॉट, आयटॉवा, पुडी, टॅट. उतरणं रद्द झालं तर पुढचा थांबा, आयडीड. ओळखलंत? सिल्व्हेस्टर मांजर दिसली की ट्वीटी जे म्हणतो तेच! कार्टूनमधली मांजर रनवेवर.

आणि एकदा हाच मजकूर अडला तर? ११ जानेवारी २०२३. अमेरिकेत पायलटना सूचना पाठवणारी ‘नोटॅम’ यंत्रणा एका बिघडलेल्या फाइलमुळे कोलमडली. देशभरातली उड्डाणं सकाळी थांबवली, दहा हजारांहून जास्त विमानं लेट. इंजिनं ठणठणीत, हवा मोकळी, अडलं कुठे? नुसत्या अक्षरांपाशी!

पण विमान आणि अक्षरांचं हे लग्न फार जुनं. जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल सेवा कुठे उडाली माहीत आहे का? आपल्या अलाहाबादला! १८ फेब्रुवारी १९११, आँरी पेके हा तरुण फ्रेंच पायलट सुमारे ६५०० पत्रं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला गेला. वेळ १३ मिनिटं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले आणि दुपारी जेआरडी जुहूच्या मातीवर उतरले. विमानात प्रवासी किती? शून्य. होती फक्त २५ किलो पत्रं. टेक्स्ट ओन्ली!

आणि सगळ्यात पहिला मेसेज? १७ डिसेंबर १९०३, राइट बंधूंनी वडिलांना केलेली तार. चार उड्डाणं यशस्वी, २१ मैलांच्या वाऱ्याविरुद्ध! पण तारेत गडबड झाली. सगळ्यात लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं, पोचलं ५७. ऑरव्हिलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं. इंजिनाच्या विमानातून माणूस उडाल्याची पहिली बातमी, तिच्यात दोन टायपो! शेवटी मजकूर असा: पेपरवाल्यांना कळवा. नाताळला घरी येतोय.