पायरीवरून गल्ल्यापर्यंत

रमजान आला की पहाटेच्या दोन अजानींची गोष्ट घराघरांत सांगितली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेच्या मशिदीत अजान देणारे, म्हणजे मुअज्जिन, दोन होते. पहिली अजान हजरत बिलाल (र.) देत. तेव्हा अजून रात्रच असे. झोपलेल्यांनी उठावे, सहेरीचे चार घास खाऊन घ्यावेत, यासाठी ती हाक. दुसरी अजान झाली की खाणेपिणे थांबायचे आणि रोजा सुरू व्हायचा. ही दुसरी अजान हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (र.) यांची. बिलाल यांच्या हाकेवर हात आवरू नका, इब्न उम्मे मकतूम यांची हाक येईपर्यंत खातपीत राहा, असे प्रेषितांनी लोकांना सांगून ठेवले होते.

इब्न उम्मे मकतूम अंध होते.

गोष्ट ऐकणारे बहुतेक जण इथे मान डोलावतात आणि पुढे सरकतात. पण जरा थांबावे. काम काय, तर पहाट उजाडली की नाही ते पाहून साऱ्या गावाला सांगायचे. आणि ते दिले कुणाला, तर ज्याला दिसत नाही त्याला! हे जमायचे कसे, याचा खुलासाही हदीसमध्ये आहे. उजाडल्याचे आजूबाजूचे लोक त्यांना सांगत, मगच ते अजान देत. आवाज त्यांचा, जबाबदारी त्यांची. एक माहिती तेवढी कमी पडत होती, ती शेजारच्याने पुरवली. त्यांच्या हाकेवर सारे शहर रोजा धरत होते. मदिना सोडून मोहिमेवर जाताना प्रेषितांनी मागचा कारभार एकाहून अधिक वेळा त्यांच्याकडे सोपवल्याच्या नोंदीही सीरतच्या ग्रंथांत आहेत.

आता आजच्या रमजानमध्ये जुम्याच्या नमाजनंतर मशिदीची पायरी पाहावी. तीनचाकी सायकल, कुबड्या, पांढरी काठी, पुढे पसरलेला रुमाल. पायरी दर्ग्याची असो की देवळाची, दृश्य तेच. रमजानमध्ये हात सैल सुटतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात द्यायची असते आणि बहुतेक कुटुंबे तिचा हिशेब याच महिन्यात करतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा रुमालावर पडतात. देणाऱ्याला समाधान, घेणाऱ्याच्या घरी त्या दिवशीची चूल. पुढच्या जुम्याला माणूस पुन्हा त्याच पायरीवर.

जकातीचा हेतू एवढाच नाही. कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेतले, त्या परंपरेचे मोठे विद्वान इमाम नववी यांनी आठ शतकांपूर्वी लिहून ठेवले आहे की कारागिराला त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील इतकी रक्कम जकातीतून द्यावी. मदत मागायला आलेल्या एका माणसाचे सामान विकून प्रेषितांनी त्याला कुऱ्हाड घ्यायला लावली आणि लाकडे तोडायला धाडले, ही गोष्ट तर मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. तिच्या आधाराने मशीन वाटप, सायकल वाटप होतेही. फक्त वाटपाच्या फोटोत एक गंमत असते. दोन्ही पायांनी अधू असलेल्या बाईला पायाने चालवायचे शिलाई मशीन दिलेले असते. त्याला एक छोटी मोटार बसवून दिली असती तर ती बाई शिंपीण झाली असती. मोटार नाही म्हणून मशीन जावेकडे जाते आणि वर ऐकावे लागते, ‘एवढे देऊनही काही केले नाही.’

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदवले गेले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख. त्यांच्यात काम करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात छत्तीसच्या आसपास. बायकांचे वेगळे काढले तर शंभरात तेवीस. त्यानंतरची जनगणना होईपर्यंत याच आकड्यांवर भागवायचे आहे. उरलेल्या सगळ्यांना काम करता येत नाही, असे मानायचे कारण नाही.

नसीमा हुरजूक हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापुरात त्या नसीमादीदी. सोलापुरात जन्म, शाळेत असताना नाच आणि खेळ यांची आवड, आणि ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे. अंथरुण, हताशा, मरणाचे विचार, हे सगळे त्यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात काही न लपवता लिहिले आहे. त्या सावरल्या त्या बाबूकाका दिवाण भेटल्यावर. बाबूकाकांचेही कमरेखालचे शरीर असेच लुळे होते. तरी ते आपला उद्योग सांभाळत होते. आपल्यासारख्याच शरीराचा एक माणूस कामाला जाताना दिसणे, याची किंमत शंभर भाषणांना येत नाही.

पुढे नसीमादीदींनी सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरी केली. १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह झाले, शाळा झाली, अपंगांना लागणारी साधने बनवणारी कार्यशाळा झाली. शिकून मोठी झालेली मुले पुढे करणार काय, हा प्रश्न मग दाराशी आलाच. त्याचे एक उत्तर सिंधुदुर्गात सापडले. तिथे ‘स्वप्ननगरी’ वसली आणि काजूप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला.

काजूच का, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. बी वाफवायची, फोडायची, गर सुकवायचा, वरची साल काढायची, मग आख्खा, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करायची. बी फोडण्याचे जुने यंत्र हात आणि पाय अशा दोन्हींनी चालते. पण साल काढणे आणि प्रतवारी ही बसून करायची कामे; त्यांना लागते बोटांचे कसब आणि चिकाटी. म्हणजे एकाच कारखान्यात एका प्रकारच्या शरीराला अवघड काम आहे आणि त्याच शरीराला शंभर टक्के जमणारे कामही आहे. ‘याला काय जमणार?’ असे दारातच विचारणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण तो आत जाऊन कामाचे तुकडे करून पाहतच नाही.

सरकार आणि समाज यांनी आजवर बरेचदा उलटे केले. ‘अपंगांची कामे’ म्हणून दोन-चार कामे बाजूला काढून ठेवली. अंधांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवले. सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत असे कामगार असत, खुर्चीची बैठक फाटली की त्यांच्याकडे जाई. प्लास्टिकच्या आणि गादीच्या खुर्च्या आल्या आणि ते काम संपले. दुसरे काम टेलिफोन ऑपरेटरचे. बँकांच्या मोठ्या शाखांत अंध ऑपरेटर शेकडो विस्तारक्रमांक तोंडपाठ ठेवत, आवाजावरून माणूस ओळखत. थेट डायल करायची सोय झाली, मग मोबाइल आला, आणि ऑपरेटरच्या टेबलावर धूळ साचली. तिसरे, आणि शहरातल्या प्रत्येक चौकाने पाहिलेले, म्हणजे पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ. ही केंद्रे देताना अपंगांना प्राधान्य होते. रात्री दर कमी झाले की बाहेर रांग लागे, मीटरचा आकडा पळे, आणि कुबड्या बाजूला टेकवून बसलेला बूथवाला सुट्टे पैसे मोजत असे. गल्ल्ली त्याला ओळखे ती बूथवाला म्हणून. ‘लंगडा’ हा शब्द त्या दहा-पंधरा वर्षांत जरा मागे पडला होता. मोबाइलने हे बूथही नेले. काहींनी रिचार्ज आणि झेरॉक्सचे दुकान टाकून जम बसवला. बाकीचे कुठे गेले, याची कुणी मोजदाद ठेवली नाही.

एकाच कामाच्या आडोशाला हजारो माणसे बसवली की तो आडोसा उडाल्यावर हजारो माणसे एकदम उघडी पडतात. २०१५ च्या डिसेंबरात ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे अशी सूचना पंतप्रधानांनी केली. शब्द बदलला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पाटीखालच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

कायदा मात्र पुष्कळ पुढे गेला आहे, आणि तो माहीत असलेला बरा. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते ४ टक्के केले आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार यांनाही त्या ४ टक्क्यांत वाटा मिळाला. या कायद्यातली ‘वाजवी सोय’ ही कल्पना फार मोलाची. माणसाला कामाच्या साच्यात कोंबू नका, झेपेल इतका साचा बदला, असा तिचा अर्थ. मदिनेतले लोक उजाडल्याचे मुअज्जिनला सांगत होते ते हेच. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने कुणी अपंग झाला, तर त्याला काढून टाकता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण घाबरून स्वतःच राजीनामा लिहून देतात.

कायदा असूनही भांडावे लागते, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी अनुभवले. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या, रेल्वेची लेखासेवा मिळाली, आणि पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन ती नाकारलीही गेली. पुढच्या परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक काढला आणि त्या थेट आयएएस झाल्या. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांनी उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे घेतली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांच्या अभ्यासाला पुरले. असे एक सॉफ्टवेअर, एनव्हीडीए, पूर्ण मोफत मिळते. ते मुळात दोन अंध तरुणांनीच ऑस्ट्रेलियात तयार केले. म्हणजे संगणक असलेल्या कोणत्याही कचेरीत अंध कर्मचारी नेमायला खर्चाचे कारण सांगता येत नाही.

३ मार्च २०२५ रोजी, त्या वर्षीच्या रमजानचा तो दुसरा रोजा होता, सर्वोच्च न्यायालयाने असाच एक दरवाजा उघडला. मध्य प्रदेशात अंध उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा नियम होता. एका आईने आपल्या अंध लेकराच्या वतीने पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली, आणि अंधत्वाच्या कारणावरून न्यायसेवा नाकारता येणार नाही असा निकाल लागला.

सरकारी जागा किती निघतात हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. रोजी खरी मिळायची ती दुकानांत, कारखान्यांत, कुरिअरच्या कचेरीत. मुंबईत ‘मिरॅकल कुरिअर्स’ ही कंपनी निघाली, तिचे टपाल वाटणारे सगळे कर्णबधिर. कुरिअरच्या कामात बोलणे असते किती? पत्ता वाचायचा, सही घ्यायची, निरोप एसएमएसने द्यायचा. हे ज्याच्या लक्षात आले त्याने दयेपोटी कुणाला कामावर घेतले नाही, धंदा म्हणून घेतले.

गावागावांत अडते ते बारीकसारीक गोष्टींवर. ऑनलाइन प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात घातलेले तीन-तीन हेलपाटे. एसटीची उंच पायरी. दुकानात बाईमाणसाला जाता येईल असे स्वच्छतागृह नसणे. अपंग मुलीची नोकरी सुटायला तेवढे एक कारण पुरते. आणि घरची माया, तिचाही वाटा मोठा. ‘आम्ही आहोत ना, तू कशाला हाल करून घेतोस?’ हे वाक्य मराठीत म्हटले जाते आणि दखनीतही. आईबाप असेपर्यंत ते खरे असते. नगरपालिकेला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या गावात त्यातून काय झाले, दुकानाच्या दाराशी किती उतार बांधले, हे वाचकांनी आपल्या नगरसेवकाला जरूर विचारावे.

ईदला पंधरा दिवस राहिले की बाजारात जादा माणसे लागतात. शिरखुर्म्याचा सुकामेवा तोलून पुड्या बांधायच्या. शेवया पाकिटांत भरायच्या. शिंप्याकडे काज-बटण, तुरपाई, इस्त्री. चपलांच्या दुकानात नंबराप्रमाणे जोड लावायचे, गल्ल्यावर बसून पावत्या फाडायच्या, फोनवर ऑर्डर लिहून घ्यायच्या. यातली अर्धी कामे बसून होतात, काहींना बोलावे लागत नाही, काहींना डोळेही लागत नाहीत. ‘माणूस पाहिजे’ अशी पाटी या दिवसांत दुकानादुकानांवर लागते. ती लावणारा सेठ आणि पायरीवर बसलेला तरुण यांच्यात कित्येक ठिकाणी एका रस्त्याचे अंतर असते. दर जुम्याला सेठ तो रस्ता ओलांडून नोट देऊन येतो. दिवाळीच्या आधीही हाच बाजार असतो आणि हीच पाटी लागते.