अंगणातले लिंबू आणि त्याची तहान

लिंबू, मोसंबी, संत्रे, पपनस, ईडलिंबू आणि महाळुंग ही एकाच गोतातली भावंडे आहेत. बेल, कवठ आणि कढीपत्ता हेही त्याच कुळातले, त्यामुळे कढीपत्त्यावरची कीड लिंबावर आणि लिंबावरची बेलावर सहज जाते. या गोताचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांताच्या पट्ट्यात असावे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. महाळुंग, पपनस आणि संत्रे ज्या गटात मोडते तो मँडरिन, हे यातले मूळ पुरुष. बाजारात दिसणारी बाकीची बहुतेक फळे त्यांच्याच सोयरिकीतून आलेली आहेत. कागदी लिंबाचा एक पालक महाळुंग, दुसरा आग्नेय आशियातली एक रानजात. मोसंबी पपनस आणि मँडरिन यांच्या मिश्रणातून उतरलेली. परदेशात ज्याचा रस ऑरेंज म्हणून डब्यातून विकतात ते फळ आपल्या मोसंबीचे सख्खे भावंड आहे. आपले सालीतून अलगद सुटणारे संत्रे त्याचे चुलत. मोसंबीचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडले असे मानतात.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर आणि मांजरी मागे टाकली की लोणी काळभोर येते. या लेखातले अंगण तिथले. पश्चिमेकडचा सह्याद्रीचा पाऊस इथवर येईतो बराच ओसरलेला असतो. शेती उभी आहे ती खडकवासल्याहून निघून पुढे उरुळी कांचन, यवतकडे जाणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्यावर आणि विहिरींवर. हवा लिंबाला मानवणारी आहे: उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हिवाळ्यातल्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, आणि हवेत कोकणासारखा दमटपणा नाही. अडचण जमिनीची आहे. काळ्या मातीत चुनखडी, तिच्यावर बोअरचे क्षारांचे पाणी, आणि नव्या गृहसंकुलांच्या आवारात तर मुरमाच्या भरावाखाली सिमेंटचा राडारोडा. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो तो याच पाण्याचा. चुन्याच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि याची पहिली झळ लिंबूवर्गीय झाडांना लागते.

सोलापूर रस्त्यावर, विशेषतः उरुळी कांचनच्या परिसरात, रोपवाटिकांची रांगच आहे, त्यामुळे रोप मिळवण्यासाठी लांब जावे लागत नाही. मात्र रोप कोणते आणि कशावर बांधलेले, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. कागदी लिंबू बहुधा बियांपासूनच वाढवतात, आणि त्यात गैर काही नाही. लिंबाच्या एका बीमधून कधी दोन, कधी तीन अंकुर फुटतात. त्यातले बहुतेक आईच्याच पेशींपासून तयार झालेले असल्याने झाड आईसारखेच निघते. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत एकच अंकुर असतो आणि तो संकरातून आलेला, म्हणून त्यांच्या बीचे झाड काय फळ देईल याचा भरवसा नसतो. पपनसाचे गुटी कलम किंवा डोळा भरलेले कलम घ्यावे. महाळुंगाची जाड फांदी लावली तरी फुटते. बियांचे लिंबू फळाला यायला चार-पाच वर्षे घेते आणि तोवर काट्यांनी भरून जाते. कलमाचे झाड त्याआधी फळते.

मोसंबी आणि संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. खुंटाचे झाड रानटी आणि काटक असते. डोळ्याच्या खालून त्याला फूट आली की ती वरच्या कलमापेक्षा जोरात वाढते. अनेक घरांतली गोष्ट अशी, की मोठ्या हौसेने लावलेल्या मोसंबीला चौथ्या वर्षी नारिंगी रंगाची, आंबट आणि बियाळ फळे लागतात. रोपवाटिकेने फसवले असा समज होतो. प्रत्यक्षात वरचे कलम कधीच मेलेले असते आणि वाढलेले असते ते खालचे रंगपूर. जंबेरी वरचढ झाली तर फळ मोठे, पिवळे आणि खरबरीत सालीचे येते. म्हणून लावताना डोळ्याचा जोड जमिनीच्या वर किमान वीतभर राहील हे पाहावे आणि त्याच्या खालून आलेली प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटाने मोडून टाकावी.

पानाकडे नीट पाहिले तरी झाडाची ओळख पटते. या गोतातल्या पानांच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पाती असते. पपनसाच्या देठाचा पंख इतका रुंद की मोठ्या पानाच्या खाली छोटे पान जोडल्यासारखे दिसते. कागदी लिंबाचा पंख अरुंद. महाळुंगाला पंखही नाही आणि देठ व पान यांच्यामधला सांधाही नाही.

घरासाठी निवड करायची तर पहिले झाड कागदी लिंबाचेच असावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई सरबती आणि फुले शरबती, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्रम आणि प्रमालिनी या निवडक जाती आहेत. गच्चीवरच्या कुंडीसाठी बिनबियांचे लिंबू सोयीचे. त्याला काटे कमी आणि फळ मोठे, मात्र वास कागदीइतका तिखट नाही. पुण्यात चायना ऑरेंज या नावाने विकले जाणारे बुटके झाड वर्षभर छोट्या केशरी फळांनी लगडलेले असते. ते शोभेचे समजून लोक फळे गळू देतात, पण ही फळे आंबट असली तरी सरबताला आणि लोणच्याला उत्तम. मोसंबी जमिनीत लावायला जागा असेल तर जरूर लावावी. संत्र्याबद्दल मात्र अपेक्षा आवरती ठेवावी: झाड वाढते, फळेही धरतात, पण २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याची चव लोणीच्या अंगणात उतरेल असे नाही. पपनसाला मोठी जागा लागते. महाळुंग थोड्या जागेत येते आणि त्याचे फळ बाजारात क्वचितच दिसते, एवढ्यानेही ते लावण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते महाळुंग.

जमिनीत लावताना भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर सोडावे आणि राडारोडा निघाला तर खड्डा खोल खणून तो बाहेर काढावा. कुंडी असेल तर दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून केलेले अर्धे पिंप सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. तळाला सात-आठ भोके पाडून पिंप विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा भाताचे तूस मिसळून भरावे, मूठभर निंबोळी पेंड घालावी. दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. उत्तरेकडच्या बाल्कनीत लिंबू जगते, फळत नाही.

घरच्या लिंबाचे सर्वांत मोठे दुःख मात्र पाण्याचे असते, आणि ते कमी पाण्याचे नसून जास्त पाण्याचे असते. रोज सकाळी झारीने पाणी मिळणारे झाड हिरवेगार, तजेलदार राहते आणि वर्षानुवर्षे फूल धरत नाही. लिंबूवर्गीय झाडाची वाढ कशाने तरी थांबावी लागते, तेव्हा फांदीत अन्न साठते आणि पुढची फूट फुलांची निघते. थंड देशांत हे काम हिवाळा करतो. आपल्याकडे ते तहानेने होते. बागायतदार याला ताण देणे म्हणतात आणि ताण केव्हा द्यायचा यावरून बहार ठरतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, जून-जुलैतला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहार. कागदी लिंबाला तिन्ही बहार थोडेथोडे येतात. त्याचे फळ फुलापासून पाच-सहा महिन्यांत तयार होते, म्हणजे हस्ताचे लिंबू ऐन उन्हाळ्यात हाती येते, जेव्हा बाजारात एका लिंबाची किंमत ऐकून माणूस सरबताचा बेत रद्द करतो. हस्त धरणे अवघडही तेवढेच, कारण परतीचा पाऊस लांबला तर ताण बसतच नाही. कुंडीला इथे फायदा असतो: ती पावसातून उचलून पत्र्याखाली ठेवता येते. मोसंबीला फळ पिकायला याहून बरेच जास्त महिने लागतात.

आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. काळ्या भारी जमिनीत ताण बसायला चाळीस-पन्नास दिवसही लागतात, हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो. अर्ध्या पिंपातले झाड आठवडा-दहा दिवसांतच तहानेला येते, म्हणून तिथे दिवस न मोजता पाने पाहावीत. दुपारी पाने होडीसारखी वळायला लागतात, मग सकाळीही सरळ होत नाहीत, काही पिवळी पडून गळतात. पाव हिस्सा पाने गेली की ताण पुरा झाला असे समजावे. त्यापुढे ताणले तर फांद्या वाळतात. मग माती वरवर हलवून शेणखत द्यावे आणि पहिले पाणी हलके सोडावे. याला आंबवणीचे पाणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी त्याहून थोडे जास्त, ते चिंबवणीचे. त्यानंतर नेहमीची पाळी. एकदम भरपूर पाणी दिले तर फुलांऐवजी पालवीच फुटते. सारे जमले तर दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांत जांभळट छटेच्या कळ्या दिसू लागतात आणि संध्याकाळी अंगणभर वास पसरतो. वाटाण्याएवढी झालेली पुष्कळ फळे गळतात. घाबरण्याचे कारण नसते, झाड झेपेल तेवढीच ठेवते. दोन वर्षांच्या आतल्या रोपाला ताण देऊ नये.

पानांचा रंग बिघडला की पहिली शंका केवड्याची, म्हणजे अन्नद्रव्यांच्या कमतरतेची, घ्यावी. कोवळी पाने पिवळी पण त्यांच्या शिरांचे बारीक जाळे हिरवे, तर लोह कमी. पाने आखूड, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे चट्टे, तर जस्त कमी. जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर झाडाला नत्र हवे आहे. जस्तासाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरवलेला चुना मिसळून नव्या पालवीवर फवारतात. लोहासाठी चुनखडीच्या जमिनीत चिलेटेड लोहच उपयोगी पडते. साधे हिराकस मातीत टाकले तर तिथेच अडकते. कुंडीला पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून भरपूर द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

पहिल्या पावसानंतर नवती फुटते आणि तिच्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे पांढरे-तपकिरी ठिपके दिसतात. काडीने डिवचले की ठिपका हलतो. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि बोट लावताच डोक्यामागून दोन केशरी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंडीतले लहान झाड ती दोन-तीन दिवसांत बोडके करते. झाड मोजके असेल तर हाताने वेचणे हाच उपाय. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती पाने पोखरणारी नागअळी; निंबोळी अर्काने ती आटोक्यात राहते, जुन्या पानांना ती शिवत नाही. फळांवर आणि पानांवर पिवळ्या कडेचे खरबरीत तपकिरी फोड येतात तो खैऱ्या, जिवाणूचा रोग, कागदी लिंबाला फार लागणारा. रोगट काड्या कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारावे. बुंध्यातून डिंक गळू लागला तर बुंध्याला पाणी लागते आहे असे समजावे. म्हणूनच बागायतदार दुहेरी आळे करतात: आतल्या आळ्यात बुंधा कोरडा आणि बाहेरच्या आळ्यात पाणी. मोरचूद आणि चुना प्रत्येकी १०० ग्रॅम लिटरभर पाण्यात कालवून केलेली बोर्डो पेस्ट पावसाळ्यापूर्वी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावतात. हे कालवण लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये.

या गोतातली फळे तोडल्यावर पिकत नाहीत, हे तोडणीच्या वेळी लक्षात ठेवावे. आंबा अढीत गोड होतो, मोसंबी होत नाही. सालीच्या रंगावरही जाऊ नये, कारण सालीतला हिरवेपणा जायला थंड रात्री लागतात. उष्ण दिवसांत हिरवी मोसंबी आतून पूर्ण पिकलेली असू शकते. हाताला जड लागणारे, साल ताणून तुकतुकीत झालेले फळ तोडावे. मोसंबीचा रस काढल्या काढल्या प्यावा. ताज्या रसात कडू चव नसते, पण गरातला एक घटक आंबटपणाच्या संगतीत हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो आणि तासा-दोन तासांत ग्लास कडू होतो. बिया चिरडल्या तर कडूपणा आणखी लवकर येतो. पपनसाच्या फोडींवरची पांढरी कातडी सोलून नुसता गर मीठ-तिखट लावून खातात. हृदयविकाराची किंवा कोलेस्टेरॉलची औषधे चालू असणाऱ्यांनी पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे, कारण त्यातल्या घटकांमुळे काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते. महाळुंगात रस नावालाच; त्याची जाड, सुवासिक सालच पाकात मुरवतात.

लोणच्याला पातळ सालीचे, पिवळे झालेले कागदी लिंबू घ्यावे. फोडी करून मिठात भरलेली बरणी उन्हात ठेवली की तीन-चार आठवड्यांत साल मऊ होऊन तिचा कडवटपणा उतरतो. तोवर साखर घातली तर फोडी वातड राहतात. जाड सालीच्या ईडलिंबाला याहून जास्त दिवस लागतात, आणि त्याची बरणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडली नाही तरी चालते.