रक्त पातळ करणाऱ्या औषधावर प्रतिपिंडाचा उतारा

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांना रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी डॅबिगॅट्रॅन हे एक. मात्र असा रुग्ण अपघातात जखमी झाला किंवा त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर हेच औषध जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडे निरोगी असतानाही रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास १२ ते १७ तास लागतात. तेवढी वाट पाहणे शक्य नसल्यास इडारुसिझुमॅब हा प्रतिपिंडाचा अंश शिरेतून दिला जातो.

रक्त गोठविण्यात थ्रॉम्बिन या विकराची, अर्थात एन्झाइमची, मध्यवर्ती भूमिका असते. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून ते फायब्रिन घडविते आणि त्याच्या तंतूंच्या जाळ्यातून गुठळी बनते. डॅबिगॅट्रॅनचा रेणू थ्रॉम्बिनच्या क्रियाशील भागात बसून हे काम रोखतो. ही जोडी कायमची नसते. रेणू सुटतो आणि पुन्हा जोडला जातो.

प्रतिपिंड ही जोडी बळाने तोडत नाही, तर सुटे रेणू पकडून ठेवते. डॅबिगॅट्रॅनशी त्याचे बंधन थ्रॉम्बिनच्या तुलनेत सुमारे ३५० पट दृढ असते. त्यामुळे सुटलेला रेणू विकराकडे परतत नाही, समतोल ढळतो आणि थ्रॉम्बिन मोकळे होते. शरीरातील अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन मात्र थ्रॉम्बिनशी सहसंयुज बंधाने जखडले जाते. तेथे हा उपाय लागू पडत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१५ मध्ये इडारुसिझुमॅबला मान्यता दिली. त्याची मात्रा ५ ग्रॅम असून परिणाम काही मिनिटांत दिसतो. ५०३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांमध्ये औषधाचा प्रभाव पूर्णपणे नाहीसा झाल्याचे त्यांत आढळले.

या उपचारालाही मर्यादा आहेत. ऊतींमधील औषध रक्तात परतल्याने काही रुग्णांत परिणाम पुन्हा उद्भवू शकतो. मूळ आजार कायम असल्याने गुठळीचा धोकाही परततो. शिवाय रिव्हारॉक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांसारख्या औषधांवर हा उतारा चालत नाही. म्हणूनच रक्त पातळ करणारे नेमके कोणते औषध सुरू आहे आणि त्याची शेवटची मात्रा कधी घेतली, ही माहिती रुग्णाने व कुटुंबीयांनी जवळ बाळगणे अत्यावश्यक ठरते.