कमाल जमीन, किमान घरे

समाजवादाचा विषय निघाला की बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत दोन ठाम मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, त्याने मुंबई बुडवली. कोणी म्हणतो, तो होता म्हणून साध्या माणसाला छप्पर मिळाले. उपनगरांतल्या जमिनीचा इतिहास दोघांनाही पुरती साथ देत नाही.

‘सरकारने बड्यांची जमीन काढून गरिबांना दिली’ हा पहिला गैरसमज. 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडचा यूएलसी, त्यासाठीच आला होता हे खरे. मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा 500 चौरस मीटर. जादा जमीन गेली तर मोबदला चौरस मीटरला फार तर 10 रुपये, आणि कितीही जमीन गेली तरी एकूण 2 लाखांच्या वर नाही. एवढ्या पैशात अंधेरी-घाटकोपरची जागा कोण खुशीने सोडेल? मालकांनी कोर्ट गाठले, नाहीतर कलम 20 खाली सूट मागायला मंत्रालय. जमिनी अडकून पडल्या आणि उरलेल्यांचे भाव चढले.

खरी गोम त्या कलम 20 मध्येच होती. सूट देणे सरकारच्या हाती, त्यामुळे जमिनीपेक्षा सहीला मोल आले. सूट मिळालेल्या योजनांमधली काही घरे मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातून सवलतीच्या दराने वाटली जात. एकाच कुटुंबाला एकाहून अधिक घरे मिळाल्याची तक्रार पुढे जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेली. सिमेंटचीही तीच कथा. ते कोट्यावर मिळे, आणि कोट्यासाठीही सहीच लागे. बिल्डरांना दिलेले सिमेंट आणि मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाने जोडला. जानेवारी 1982 मध्ये अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले.

मग हे समाजवाद्यांनी केले का? नाही. यूएलसी आणीबाणीत आला, काँग्रेसच्या राजवटीत. त्याच आणीबाणीत गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांना तुरुंगवास घडला. गंमत अशी, की या कायद्याचा मूळ हेतू काही प्रमाणात खरा करून दाखवला तो त्यांनीच. त्यांनी आणि बाबूराव सामंतांनी नागरी निवारा परिषदेतून दिंडोशीची जमीन झगडून मिळवली आणि तिथे मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी राहिली. पैसे सभासदांचे होते, त्यामुळे खर्चावर डोळाही त्यांचाच.

भाडेनियंत्रणालाही समाजवादी खूळ म्हणतात. मुंबईत ते 1918 साली, इंग्रजांच्या अमलात सुरू झाले. 1947 च्या कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. खोली आधीच ताब्यात असलेल्या भाडेकरूचे भले झाले, यात शंका नाही. पण मालकाला डागडुजी परवडेना आणि भाड्यासाठी नवी चाळ बांधायला कोणी धजेना. नव्याने आलेल्यापुढे पागडी, झोपडपट्टी किंवा कर्ज काढून मालकीचा ब्लॉक, एवढेच पर्याय उरले. उपनगरांत गृहनिर्माण सोसायट्या फोफावल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘कायदा गेला की घरे स्वस्त होतील’ ही आशाही फोलच ठरली. केंद्राने यूएलसी 1999 मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने तो 29 नोव्हेंबर 2007 पर्यंत धरून ठेवला. नंतरही भाव उतरले नाहीत. एफएसआय (भूखंडावर चालणारे बांधकाम) किती आणि टीडीआर (बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क) कोणाला, हे अजून मंत्रालय आणि महापालिकाच ठरवतात. कोटा गेला, सही राहिली. कलम 20 खाली दिलेल्या जुन्या सुटीच्या अटीही कायद्याबरोबर गेल्या नाहीत. तेव्हा पुनर्विकासाच्या सभेला जाण्याआधी आपल्या सोसायटीच्या मालमत्ता पत्रकावर कलम 20 चा शेरा आहे का, ते एकदा पाहून घ्या.