शिध्यासाठी दौड, शिरवळची

टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डाळ, अंडी, तेल मिळत नाही. वॉर्डात नर्स होतो तेव्हा आम्ही पेशंटला “चांगलं खा” असं सांगून घरी पाठवत होतो. नोकरी सोडून वस्त्यांत फिरू लागलो तेव्हा कळलं, की एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्याचे खाडे पडले की घरात पहिली बंद होते ती डाळ. निक्षय पोषण योजनेचे पैसे १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झाले, पण पाच माणसांच्या घरात ते एकट्या पेशंटच्या ताटात कसे राहणार?

झारखंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०२३ साली निकाल आला. ज्या घरांत पेशंटबरोबर घरच्या सगळ्यांनाही शिधा दिला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं, तेही फक्त पेशंटला शिधा मिळालेल्या घरांच्या तुलनेत. म्हणून विहारातल्या बैठकीत ठरलं: दौड ठेवायची, वर्गणी जमवायची आणि तीन घरांना सहा महिने शिधा द्यायचा. पूर्ण घराला.

हायवेवर ट्रकांची वर्दळ, म्हणून रस्ता गावातून नदीच्या बाजूला आणि परत, तीन किलोमीटर. एका कंपनीने टी-शर्ट कबूल केले होते, ते आलेच नाहीत. बायका हिरमुसल्या. भाजी विकणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “बूट न्हाई, ड्रेस न्हाई, मी काय धावू?” मग आम्ही त्यांना लता भगवान करे यांची गोष्ट सांगितली. साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग नवरा बरा झाला का?” दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे सरावाला हजर. त्यांचं बीपी आम्ही आधी मोजलं, आणि धावायचं नाही, चालायचं, असं बजावलं. (छातीत कळ किंवा चक्कर येत असेल तर कोणीही धावू नये, मग कारण कितीही चांगलं असो.)

पोरींना आपल्याच जिल्ह्यातल्या ललिता बाबरचं नाव माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं. माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली.

पण आमच्या मनात राहिली ती वस्तीतलीच एक मुलगी. औषध चालू होतं तेव्हा घरात तिची ताटवाटी वेगळी ठेवली होती. टीबी भांड्यांतून पसरत नाही, फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, हे आम्ही त्या घरी चार वेळा जाऊन सांगितलं. दौडीच्या सकाळी ती माईक मागून उभी राहिली. “मला टीबी झाला होता. सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. आता मी धावणार आहे.” खाली एकदम शांतता. तिची आई तोंडाला पदर लावून रडत होती, मग तीही लेकीच्या मागे चालू लागली.

“माझं नाव छापा, ताई,” असं मुलगी म्हणाली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, म्हणून आम्ही छापलं नाही. तिला लाज नाही, भीती आम्हालाच वाटली.

शिध्याचं वाटप दर महिन्याला विहारात होतं, तेव्हाच पेशंटचं वजनही करतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर त्या दिवशी या. थुंकीची डबी आम्ही देऊ आणि तपासणीला बरोबर येऊ. वजनकाट्यापाशी ती मुलगीच बसते, वहीत आकडे लिहायला.