कोल्हारमध्ये बिल्डर पारखताना

नव्या घराच्या टाइल्स आणि रंग पाहून बिल्डर कळत नाही. प्रवरेकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर चार-पाच वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. म्हणून बिल्डरने पाच वर्षांपूर्वी दिलेली घरं बघा, तीही ऐन मे महिन्यात. प्लॅस्टरच्या केसासारख्या चिरा सोडून द्या, तिरकी भेग सोडू नका.

‘महारेराचा नंबर आहे ना?’ असं कुणी म्हणेल. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदणी असलेली चांगलीच. ताबा दिल्यापासून पाच वर्षांतला बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, हे २०१६ च्या रेरा कायद्यातच आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि गावाकडची बरीच कामं एवढीच असतात. शिवाय नंबर कागद तपासतो, काँक्रीट नाही.

बिल्डर नवखा असेल तर? मग चालू कामावर दुपारी जा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात, पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला दहा दिवस पाणी मारावं लागतं. कालपरवाचा स्लॅब भर उन्हात कोरडा दिसला, तर पुढचं बोलणं तिथंच थांबवा.